दुर्बीण कुठे बघते आहे, हे फोटोलाच विचारा

बेळगावातून ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर दिसतो. निपाणीत त्याहून अर्धा अंश वर, खानापुरात थोडा खाली. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते, म्हणजे दीड मुठीत ध्रुव संपला. उत्तरेला आंब्याचं झाड असो, शेजारची पाण्याची टाकी असो की नुसतं धुरकट असो, ध्रुव गेलाच म्हणून समजा. आणि दुर्बिणीतून फोटो काढायला शिकवणारे बहुतेक व्हिडिओ सुरू होतात ते "आधी ध्रुव धरा" इथूनच. ते करणारे लोक ४०-५० अंश अक्षांशांवर राहतात. त्यांच्याकडे ध्रुव घराच्या छपरावर, निम्म्या आकाशात असतो.

खानापूर तालुक्यातली, नवीन दुर्बीण घेतलेली पोरं नेमकी इथे अडतात. "सर, ध्रुवच दिसंना की, आता कसं?" हा प्रश्न आकाशदर्शनाला ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं: "दक्षिण मोकळी आहे न्हवं? मग काम होतंय." ध्रुव दिसला तर उत्तमच, पण तो दिसला नाही म्हणून रात्र वाया घालवायचं काही कारण उरलेलं नाही. दुर्बीण कुठे रोखली आहे हे कळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आता आपल्या लॅपटॉपमध्ये, फुकट, बसलेला आहे. दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्यातून एक फोटो काढायचा आणि त्यातल्या ताऱ्यांनाच विचारायचं. ते कसं, हे नीट उलगडून सांगतो.

मोटारीला आकाश दिसत नाही

गोटू माउंट म्हणजे ताऱ्याचं नाव निवडलं की आपण होऊन तिकडे वळणारी बैठक. ती घेतल्यावर पुष्कळांचा समज होतो की आता दुर्बीण सगळं शोधून देणार. प्रत्यक्षात त्या बैठकीला आकाश दिसत नसतं. ती फक्त मोटारीचे टप्पे मोजते. चालू करताना तुम्ही दुर्बीण ज्या स्थितीत ठेवली, तिथून किती वळायचं याचा हिशेब करते आणि तेवढी वळते. हिशेबाला चार गोष्टी लागतात: आपण कुठे आहोत, वाजले किती, बैठकीचा अक्ष, म्हणजे ती ज्याभोवती फिरते तो दांडा, कुठे रोखला आहे आणि हव्या त्या ताऱ्याचा पत्ता काय.

पत्त्याचं आधी सांगतो. पृथ्वीवर जसे रेखांश-अक्षांश, तसे आकाशात विषुवांश आणि क्रांती. विषुवांश तासांत मोजतात, क्रांती अंशांत. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे ३० कला, म्हणजे अर्धा अंश. हे एवढं माप डोक्यात ठेवलं की पुढचे सगळे आकडे आपोआप समजतात.

आता वेळ. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. घड्याळ चार मिनिटं मागे-पुढे असेल तर निशाणा दोन चंद्रांइतका हुकला. रेखांशाचंही तेच: एक अंश रेखांश चुकला की आकाशात एक अंश चूक. भारतीय वेळेच्या विभागाला संगणकात 'एशिया/कोलकाता' असं नाव आहे, म्हणून कित्येक जण गावही कोलकाताच निवडून मोकळे होतात. कोलकात्याचा रेखांश ८८ अंशांच्या पुढे, बेळगावचा साडेचौऱ्याहत्तर. फरक जवळजवळ १४ अंशांचा! वेळेचा विभाग तोच ठेवा, पण रेखांश-अक्षांश आपल्या गावाचेच घाला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची असल्यामुळे आपल्याकडचा सूर्य घड्याळाच्या ३२ मिनिटं मागे चालतो, हे खरं. पण ती वजाबाकी आपण करायची नाही, सॉफ्टवेअर करतं. घड्याळात दिसते ती वेळ तशीच द्यायची.

या दोन चुकांचं एक बरं असतं. ओळखीच्या एका ताऱ्यावर दुर्बीण आणून "हा तो तारा" असं माउंटला सांगितलं, म्हणजे सिंक केलं, की वेळेची आणि रेखांशाची चूक बरीचशी धुऊन निघते, कारण तिने सगळं आकाश एकाच दिशेला, सारखंच सरकवलेलं असतं. अक्ष तिरका बसला असेल तर मात्र असं होत नाही. एका बाजूला जुळवलं की दुसऱ्या बाजूला फसतं. पूर्वेला मृग बरोबर सापडतो आणि पश्चिमेची देवयानी दीर्घिका काही केल्या चौकटीत येत नाही, तेव्हा संशय अक्षावर घ्यावा.

आणखी एक चूक फार कमी लोक सांगतात, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश डोलतो. त्याला परांचन म्हणतात. त्यामुळे ताऱ्यांचे पत्ते वर्षाला सुमारे ५० विकलांनी सरकत राहतात. पुस्तकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये छापलेले पत्ते बहुतेक वेळा २००० सालचे असतात. तिथून पंचवीस वर्षांत जमलेली रक्कम झाली जास्तीत जास्त २१ कला, म्हणजे चंद्राच्या दोन तृतीयांश. एका प्रोग्रॅमने २००० सालचा पत्ता दिला आणि माउंटने तो आजचा समजून घेतला, तर बाकी सगळं बिनचूक असूनही दुर्बीण तेवढी हुकणार. लहान दुर्बिणीला हे पचून जातं. २००० मिलिमीटर केंद्रांतराच्या (फोकल लेंथच्या) दुर्बिणीला ११ मिलिमीटरचा चौकोनी सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, लावला तर सगळी चौकटच १९ कलांची भरते. म्हणजे वस्तू चौकटीबाहेर, आणि आपण बसलोय फोकस फिरवत. म्हणून दोन्ही सॉफ्टवेअरांत 'जे२०००' (२००० सालचा पत्ता) आणि 'जेनाऊ' (आजचा पत्ता) यांतलं काय निवडलंय ते एकदा बघून घ्यावं.

नळीचं वाकणं, फोकसरचं लोंबणं, गिअरमधली ढिलाई हे उरलेले वाटेकरी. ते असतातच.

चौकट केवढी आहे

निशाणा किती बिनचूक हवा हे चौकटीवर ठरतं, आणि चौकट काढायला एकच हिशेब पुरतो. सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, दुर्बिणीच्या केंद्रांतराने भागा, ५७.३ ने गुणा. उत्तर अंशांत येतं. आपल्याकडे बऱ्याच जणांकडे असते ती सहा इंची, ७५० मिलिमीटर केंद्रांतराची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, घेऊ, आणि तिला साधा डीएसएलआर लावू. त्याचा सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटर. चौकट झाली १.७ अंश रुंद आणि सुमारे १.१४ अंश उंच. चंद्र तीनदा शेजारी शेजारी बसेल एवढी.

एक पिक्सेल आकाशाचा केवढा तुकडा झाकतो तेही काढता येतं: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले केंद्रांतर. ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलला हे १.१८ विकला येतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

देवयानी दीर्घिका साधारण ३ अंश लांब आहे. वरच्या चौकटीत ती मावत नाही, कशीही फिरवली तरी. एवढं गणित घरी केलं असतं तर डिसेंबरच्या थंडीत शेताच्या बांधावर बसून "टोकं का कापली जातात" हा शोध लागला नसता! तिच्यासाठी २००-३०० मिलिमीटरची साधी कॅमेऱ्याची लेन्स बरी, नाही तर दोन-तीन तुकड्यांत फोटो काढून जोडायचे.

चार ताऱ्यांची खूण

येळ्ळूरच्या राजहंसगडावर रात्री उभं राहिलेला तिथला माणूस खालचे दिवे बघून कुठलं गाव कुठे आहे ते बरोबर सांगतो. एकेका दिव्यावर काही लिहिलेलं नसतं. हा इथे, तो तिथे, या त्यांच्या मांडणीवरून तो ओळखतो. ताऱ्यांच्या फोटोवरून जागा ओळखणारं सॉफ्टवेअरही मांडणीच बघतं. या ओळखीला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात.

'ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट' या प्रसिद्ध प्रणालीची रीत अशी. फोटोतले ठळक तारे शोधायचे. त्यांतले चार उचलायचे. चौघांमधले एकमेकांपासून सगळ्यात लांब असलेले दोन तारे ही दोन टोकं धरायची, आणि उरलेले दोन त्या टोकांच्या हिशेबात कुठे पडतात ते आकड्यांत लिहायचं. हे आकडे म्हणजे त्या चौकडीची खूण. फोटो लहान करा, मोठा करा, उलटसुलट फिरवा, ही खूण बदलत नाही, कारण ती अंतरांच्या प्रमाणावर बेतलेली असते. संपूर्ण आकाशातल्या अशा चौकड्यांच्या खुणा आधीच काढून ठेवलेल्या असतात. तुमच्या फोटोतली खूण त्यांतल्या एकीशी जुळली की सॉफ्टवेअर म्हणतं, "बहुतेक तुम्ही अमुक ठिकाणी आहात". मग तिथे यादीप्रमाणे आणखी कुठले तारे दिसायला हवेत ते फोटोत तपासतं. तेही जागच्या जागी निघाले, तरच उत्तर देतं. नुसत्या एका योगायोगावर ते विसंबत नाही, म्हणून माझा त्याच्यावर माउंटपेक्षा जास्त विश्वास आहे.

उत्तरात तीन गोष्टी मिळतात: चौकटीच्या केंद्राचा पत्ता, एका पिक्सेलमागे किती विकला, आणि कॅमेरा उत्तरेपासून किती फिरलेला आहे तो कोन.

आता खरी मजा. समजा तुम्ही मृगातला तेजोमेघ मागितला, दुर्बीण वळली, चार सेकंदांचा फोटो निघाला. सॉफ्टवेअर म्हणालं: केंद्र ४१ कला पूर्वेला आणि १२ कला दक्षिणेला पडलंय. तुमची अर्धी चौकट ५१ गुणिले ३४ कलांची, तेव्हा तेजोमेघाचा गाभा चौकटीच्या कडेजवळ कुठे तरी आहे. सॉफ्टवेअर माउंटला कळवतं, "बाबा, तू समजतोस तिथे नाहीस, इथे आहेस", आणि पुन्हा वळायला सांगतं. पुन्हा फोटो. आता चूक २ कला. पुन्हा एक फेरी. चूक २० विकला, म्हणजे मघाच्या १.१८ च्या हिशेबाने १७ पिक्सेल. पाच हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत १७ पिक्सेल कुणाला दिसणार? सगळ्या भानगडीला एखाद-दोन मिनिटं लागतात. ज्याने पूर्वी मान वाकडी करून, फाइंडरमधून (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून) तारे मोजत एक अंधूक दीर्घिका शोधण्यात तास घालवलाय, त्याला या दोन मिनिटांची किंमत कळेल.

प्लेट सॉल्व्हिंग करणारे एएसटीएपी, सिरिल, एन.आय.एन.ए., केस्टार्ससोबतचं एकोस असे प्रोग्रॅम फुकट मिळतात. मात्र ताऱ्यांची यादी घरी असतानाच उतरवून घ्या. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गेल्यावर मोबाइलला रेंज येईल याचा भरवसा धरू नये, आणि यादी नसेल तर उत्तम प्रोग्रॅमही गप्प बसतो.

सॉल्व्ह होत नसेल तर कारणं बहुतेक साधीच निघतात. पहिला संशय फोकसवर: तारे ठिपक्यांऐवजी भोकाच्या वड्यासारखे आले तर त्यांना कोण ओळखणार? दुसरा केंद्रांतरावर. मध्ये रिड्यूसर, म्हणजे केंद्रांतर कमी करणारं भिंग, घातला आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनाच आकडा ठेवला, तर ते चुकीच्या मापाच्या चौकड्या शोधत राहतं. फोटोत तारे रेघांसारखे ओढले गेले असतील तर सेकंद कमी करा. आणि नळीवर एकदा हात फिरवून बघा. आपल्याकडे कापणी झाल्यावर भाताच्या खाचरांत ओल असते, नोव्हेंबरात दहा वाजताच नळी दवाने ओली होते. दव बसलेल्या भिंगातून तारे कमी कमी होत जातात आणि सॉफ्टवेअर बिचारं "पुरेसे तारे नाहीत" म्हणत राहतं. भिंगाभोवती गुंडाळायचा हीटरचा पट्टा इथे आवश्यकच धरा.

वस्तू मधोमधच हवी असं नाही

केंद्र साधता आलं की पुढचा प्रश्न: केंद्रात ठेवायचं काय? तेजोमेघाच्या नावापुढे दिलेला पत्ता हा त्याच्या गाभ्याचा असतो, फोटोच्या मध्याचा नव्हे. मृगातला तेजोमेघच बघा. गाभ्याची क्रांती उणे ५ अंश २३ कला. त्याच्या अर्धा अंश उत्तरेला निळसर धुक्याचा आणखी एक पट्टा आहे, एनजीसी १९७७. दक्षिणेला, उणे ५ अंश ५४ कलांवर, आयोटा हा चांगला ठळक तारा. तिन्ही हवे असतील तर कॅमेऱ्याची लांब बाजू उत्तर-दक्षिण फिरवायची आणि केंद्र धरायचं विषुवांश ५ तास ३५ मिनिटं, क्रांती उणे ५ अंश १५ कला. मग चौकट दक्षिणेला उणे ६ अंश ६ कलांपर्यंत पोचते आणि आयोटा कडेला न चिकटता १२ कला आत राहतो. आडव्या कॅमेऱ्यात हे बसत नाही. स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आपल्या दुर्बिणीची आणि कॅमेऱ्याची मापं भरली की ही चौकट दिवसाउजेडी, चहा घेत, फिरवून बघता येते.

कॅमेरा किती फिरलाय हे प्लेट सॉल्व्ह सांगतंच. लॅपटॉप नसेल तर जुनी युक्ती आहे: एका ठळक ताऱ्यावर पंधरा सेकंदांचा फोटो लावा, पहिली पाच सेकंदं काही करू नका, मग माउंट पूर्व-पश्चिम हळू सरकवा. ठिपका आणि त्याला जोडून रेघ उमटेल. ती रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. फोटोच्या कडेला ती समांतर येईपर्यंत कॅमेरा फिरवा.

ज्यांना चित्रापेक्षा मोजमापात रस आहे, त्यांचं गणित वेगळं. तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्याचा अभ्यास करताना तो मध्यभागी असणं बिनमहत्त्वाचं. त्याच चौकटीत तुलनेला एक-दोन स्थिर तेजाचे तारे असणं महत्त्वाचं. त्यासाठी मुख्य तारा खुशाल एका बाजूला सरकवावा. शेजारी फार ठळक तारा असेल तर त्याला चौकटीबाहेर ढकलावा, कारण तो सेन्सर भरून टाकतो आणि त्याची चमक आजूबाजूला पसरते. आणि एकदा जागा ठरली की रात्रभर तो तारा त्याच पिक्सेलांवर राहील असं बघावं, कारण प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडी थोडी वेगळी असते.

चित्र काढणाऱ्याने याच्या नेमकं उलट करायचं. दर एक-दोन फोटोंनंतर दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल इकडे-तिकडे सरकवायची. याला डिदरिंग म्हणतात. सेन्सरवर काही पिक्सेल कायमचे तापलेले असतात, ते प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपका उमटवतात. तारे सरकले, ठिपके सरकले नाहीत, की फोटो एकावर एक रचताना ठिपके वेगळे पडतात आणि काढून टाकता येतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या रात्री उबदार, त्यात डीएसएलआरला थंड करायची सोय नाही. डिदरिंग न करता एप्रिलमध्ये काढलेला फोटो मी बघितल्याबरोबर ओळखतो: सगळीकडे लाल-हिरवे ओरखडे.

वस्तू कॅमेऱ्यावर कुठे ठेवायची याचा विचार मोठ्या दुर्बिणी तर फारच बारकाईने करतात. हबलवर २००९ साली बसवलेल्या डब्ल्यूएफसी३ कॅमेऱ्यात दोन चिप शेजारी शेजारी आहेत आणि मध्ये एका विकलेहून थोडी जास्त रुंदीची फट आहे. एखादा तारा बरोबर मध्यात ठेवायला जावं तर तो फटीतच पडायचा. म्हणून तो एका चिपवर, फटीपासून दूर ठेवतात. शिवाय अवकाशातल्या किरणोत्साराने चिपला वर्षानुवर्षं इजा होत असते, आणि वाचनाच्या वेळी विद्युतभार एका पिक्सेलमधून दुसऱ्यात ढकलताना त्यातला थोडा मागे राहतो. जितका लांबचा प्रवास, तितकी गळती जास्त. त्यामुळे अंधूक, एकट्या ताऱ्याला चिपच्या अशा कोपऱ्यात ठेवण्याची सोय केलेली आहे, की जिथून वाचनाचं टोक जवळ पडतं.

जमिनीवर, आपल्या जवळची उदाहरणं म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीची आयुकाची आणि लडाखमधल्या हानलेची हिमालयन चंद्र, दोन्ही दोन मीटरच्या. हानलेची दुर्बीण तर आपल्याच कर्नाटकातून, बेंगळुरूजवळच्या होस्कोटेहून, उपग्रहामार्फत चालवतात. अशा दुर्बिणींच्या कॅमेऱ्याची चौकट साधारण १० कलांची, म्हणजे चंद्राच्या एक तृतीयांश. आणि वर्णपट घ्यायचा असेल तर ताऱ्याला एक-दोन विकला रुंदीच्या फटीतच बसवावं लागतं. फोटो काढा, तारा कुठे पडला ते बघा, फरकाएवढं सरका, पुन्हा फोटो काढा: हे चक्र तिथेही असंच चालतं.

ध्रुवाशिवाय अक्ष जुळवणं

फोटो एका जागी आणून ठेवता आला तरी तो तिथे टिकायला माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे सगळं आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूकडे, रोखलेला लागतोच. यासाठीही ध्रुव तारा दिसण्याची गरज नाही. दुर्बीण आकाशाच्या मोकळ्या भागाकडे करा. फक्त विषुवांशाच्या अक्षावर फिरवत तीन फोटो घ्या आणि तिन्ही सॉल्व्ह करा. तीन केंद्रं एका वर्तुळावर पडतात आणि त्या वर्तुळाचा मध्य म्हणजे तुमच्या माउंटचा अक्ष. तो खऱ्या ध्रुवापासून किती ढळलाय हे सॉफ्टवेअर कलांमध्ये सांगतं आणि तुम्ही स्क्रू फिरवाल तसतसा आकडा उतरताना दिसतो. एन.आय.एन.ए. आणि एकोस दोन्हीत ही सोय आहे.

नुसत्या डोळ्याने करायची रीत त्याहून जुनी. दक्षिणेला, क्षितिजापासून ७४ अंशांवर, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरच, खगोलीय विषुववृत्त जातं. तिथला एक तारा धरून काही मिनिटं बघत राहा. तो दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेला ढळलाय, उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेला. मग पूर्वेला खाली असलेला तारा धरा. दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर. वेळखाऊ आहे, पण एकदा तरी हाताने करावी, म्हणजे स्क्रीनवरचे आकडे कशाचे आहेत ते अंगवळणी पडतं.

१६ अंशांचा आणखी एक परिणाम. माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि वजनांची दांडी उत्तरेच्या बाजूने खाली झुकते. तिपाईचा एक पाय बरोबर उत्तरेला असेल तर वजन त्याच्यावर आदळू शकतं. उजेड असतानाच हाताने सगळीकडे फिरवून बघा आणि लागत असेल तर तिपाई फिरवून घ्या. काही माउंट तर १६ अंशांपर्यंत खाली येतच नाहीत. विकत घेण्याआधी ही चौकशी केलीच पाहिजे, कारण दुकानदार ती आपणहून सांगत नाही.

वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी डॉब्सनियन असेल तर आपल्याकडे रोहिणीच्या बाबतीत गंमत होते. रोहिणीची क्रांती सुमारे साडेसोळा अंश. निपाणीचा अक्षांश १६.४. म्हणजे जानेवारीच्या मध्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, रोहिणी निपाणीकरांच्या अगदी डोक्यावरून जाते. त्या वेळी अशा माउंटला क्षणार्धात पूर्वेकडून पश्चिमेकडे, अर्धं वर्तुळ फिरावं लागतं, आणि ते तिला झेपत नाही. तारा सुटतो. माउंट बिघडलं म्हणून दुरुस्तीला पाठवू नका. अर्धा तास दुसरं काही बघा.

दक्षिणेचा फायदा

खाली सरकलेल्या ध्रुवाची भरपाई आपल्याला दक्षिणेला मिळते, आणि ती फार मोठी आहे. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सगळ्यात भव्य गोलाकार तारकागुच्छ. क्रांती उणे ४७ अंश २९ कला. लंडनमध्ये तो उगवतच नाही. खानापुरात तो क्षितिजापासून जवळजवळ २७ अंश वर येतो. त्याच्या बरोबर उत्तरेला, साडेचार अंशांवर, सेंटॉरस ए ही मध्ये काळा पट्टा असलेली दीर्घिका. विषुवांशात दोघांत दोन मिनिटांहूनही कमी फरक, त्यामुळे एक साधली की दुसरीकडे जायला केवळ वर सरकायचं. मेच्या मध्यात दोन्ही रात्री साडेदहाच्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, सगळ्यात उंच असतात. मे म्हटलं की वळवाचे ढग आलेच, म्हणून मी मार्चअखेरीची मध्यरात्रीनंतरची वेळ जास्त पसंत करतो.

खानापूरच्या बाजूने बघताना बेळगावचा उजेड पाठीमागे, उत्तरेला राहतो आणि समोर दक्षिणेला लोंढा, भीमगडाकडचं जंगल. यापेक्षा चांगली मांडणी मागून मिळणार नाही. मात्र जंगलात शिरायचं नाही. गवे आहेत, अस्वलं आहेत, अधूनमधून हत्तीही येतात, आणि अभयारण्यात रात्री थांबायला परवानगी नाही. ओळखीच्या कुणाचं गावाजवळचं शेत बघा, घरात आधी सांगून ठेवा, गाडी जवळ उभी करा.

इतक्या खाली असलेल्या वस्तूला हवेचं वक्रीभवन २ कला वर उचलून दाखवतं. प्लेट सॉल्व्ह वापरत असाल तर त्याची फिकीर करायचं कारण नाही, कारण फोटोतले सगळे तारे तिच्याबरोबरच उचललेले असतात. आणखी एक: विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे अक्ष ध्रुवाकडे रोखलेल्या बैठकीवर, वस्तू याम्योत्तर ओलांडते तेव्हा दुर्बीण पलटी मारून दुसऱ्या बाजूला यावी लागते. पलटल्यावर चित्र १८० अंशांनी उलटं दिसतं आणि निशाणाही थोडा हलतो. पलटीनंतर एकदा सॉल्व्ह करून केंद्र पुन्हा साधलं की पुढचे फोटो आधीच्यांवर बरोबर बसतात.

त्या रात्रीचा एक चांगला, सॉल्व्ह झालेला फोटो जपून ठेवा. पुढच्या अमावास्येला तोच प्रोग्रॅममध्ये उघडून "इथेच चल" म्हटलं की केंद्र आणि कॅमेऱ्याचा कोन दोन्ही त्यातून उचलले जातात, आणि महिन्यापूर्वी जिथे थांबला होतात तिथूनच फोटो पुढे चालू होतात.